आमच्या मागणीपत्रात पेशंट बसतो का? (जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, कंत्राटी कर्मचारी आणि युनियन)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलाय, आधीच सांगते.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात आहे. पद सायकियाट्रिक सोशल वर्कर, पेशंटच्या भाषेत 'गोळ्यांच्या मॅडम', गोळ्या मी देतच नाही पण असो. एनएचएमवर (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी, नववं वर्ष चालूय. कागदावर आमची टीम भारी आहे, सायकियाट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, दोन नर्स, रिपोर्टिंगला एक, केस रजिस्ट्रीला एक, वॉर्डला एक. प्रत्यक्षात सायकॉलॉजिस्टची खुर्ची दोन वर्षं रिकामी आहे, तिच्यावर आता झेरॉक्सचे रीम ठेवतात. सायकियाट्रिस्ट साहेब आहेत, चांगले आहेत, पण त्यांना सिव्हिलची ओपीडी, दिव्यांग बोर्ड, कोर्टाच्या केसेस आणि वरून कुणी आलं की व्हीआयपी ड्युटी. म्हणून तालुक्याला आरएचमधे, म्हणजे ग्रामीण रुग्णालयात, जे मनशक्ती क्लिनिक भरतं ते बऱ्याचदा नर्सताई आणि मीच चालवतो, तिथले एमओ (मेडिकल ऑफिसर) चालू गोळ्यांची चिठ्ठी रिपीट करतात, नवीन पेशंट असेल तर फोनवर साहेबांना विचारायचं.

आता मुद्दा. आमची ऑर्डर अकरा महिन्यांची असते. अकरा महिने झाले की एक दिवस तांत्रिक खंड, मग पुन्हा नवी ऑर्डर. ह्या वेळचा खंड आला मंगळवारी आणि मंगळवार आमच्या लांबच्या तालुक्याच्या क्लिनिकचा. पेशंटला काय सांगणार, आज मी सरकारी कागदात नाही म्हणून तुमच्या गोळ्या पुढच्या महिन्यात? मी आजारी होते, नर्सताई एकट्या गेल्या. कार्यक्रमाच्या गाडीचं डिझेलचं बिल थकलेलं म्हणून स्वतःच्या स्कूटीवर, बासष्ट किलोमीटर एका बाजूने. परत येताना उसाच्या ट्रॉलीला चुकवायला गेल्या आणि साइडपट्टीच्या खडीवर घसरल्या. पाय दोन जागी मोडला. रॉड टाकलाय.

ऑफिसचं उत्तर एका ओळीत आलं: सदर दिनांकास आपण सेवेत नव्हता.

आणि रजिस्टरला त्या तारखेला ४३ पेशंटची नोंद आहे, नर्सताईंच्या अक्षरात, खाली त्यांची सही. तो ४३ चा आकडा महिन्याच्या रिपोर्टमधे जोडून वर गेलासुद्धा. म्हणजे पेशंट पाहिले गेले, पाहणारी बाई मात्र नव्हती.

येत्या रविवारी आमच्या संघटनेची जिल्हा बैठक आहे, मागणीपत्र ठरायचंय. १४ मार्च २०२४ चा जीआर, म्हणजे दहा वर्षं झालेल्यांचं कायम सेवेत समायोजन, विमा, ग्रॅच्युइटी, बदली धोरण हे सगळं त्यात आहेच, ऑगस्ट २०२५ च्या संपातही हेच होतं. मी म्हटलं, मानसिक आरोग्याचा निधी वेळेवर यावा, रिकामी पदं भरावीत, औषधं तुटू नयेत हेही घालूया. तर अध्यक्ष म्हणाले, ताई ते सरकारचं काम, आपण युनियन आहोत, एनजीओ नाही. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, त्यांनीच नर्सताईंसाठी वर्गणी काढली. पण मला ते पटत नाहीये आणि का पटत नाहीये हे नीट मांडताही येत नाहीये. म्हणून इथं आले. बोला.

---

बांधावरचा

वाचतोय. नर्सताईंना लवकर बरं वाटो. बाकी रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो.

---

निवृत्त_हेडक्लार्क

ताई, मी झेडपीत छत्तीस वर्षं काढली आणि त्यातली पंचवीस युनियनमधे. १९७७-७८ चा ५४ दिवसांचा राज्य कर्मचाऱ्यांचा संप चालू होता तेव्हा मी नुकता चिकटलो होतो, घरी आई रोज विचारायची, पगार कधी. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचे अध्यक्ष म्हणतात त्यात तथ्य आहे. मागण्या जितक्या जास्त तितकी वाटाघाटीत सोय मंत्र्याची. टेबलावर बसलं की ते लोक सगळ्यात बिनखर्चाची मागणी उचलतात, 'ही तत्त्वतः मान्य' म्हणतात, फोटो निघतो आणि तुम्ही गुलाल उधळून घरी येता. निधी वेळेवर यावा, पदं भरावीत ह्या मागण्या तत्त्वतः मान्य व्हायलाच जन्माला आलेल्या असतात. त्यामुळे मागणी घालायची तर अशी घाला की तिला तत्त्वतः मान्य करता येऊ नये. तारीख, आकडा, जबाबदार अधिकारी, तिन्ही पाहिजेत.

आणि तो खंडाचा दिवस. आमच्या काळी रोजंदारीवाल्यांना २९ दिवसांची ऑर्डर असायची. खेळ तोच, पत्त्यांची गड्डी नवी.

---

सरळसोट

कटू वाटेल पण बोलतो. कंत्राटी आहे हे सही करताना माहीत होतं ना? मग आता कायम करा कशाला? एमपीएससी आहे, सरळसेवा आहे, परीक्षा द्या. आणि संप करता तेव्हा गरीब पेशंटचे हाल होतात त्याचं काय? आता त्याच पेशंटचं नाव मागणीपत्रात घालायचं म्हणजे त्याला ढाल करणं झालं.

---

रात्रपाळी

@सरळसोट, परीक्षा कुठली द्यायची ते पण सांगा ना, जाहिरात निघाली तर देतील की.

मी एका प्रादेशिक मनोरुग्णालयात स्टाफ नर्स आहे, पर्मनंट आहे, म्हणजे माझा ह्यात काही फायदा नाही. चारच आहेत ही रुग्णालयं महाराष्ट्रात, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, चारही इंग्रजांच्या काळातली. मराठवाड्यातला पेशंट येरवड्याला किंवा नागपूरला न्यायचा म्हणजे घरच्यांचं आठवड्याचं काम बुडतं. आमच्याकडे बरा होऊन घरी गेलेला पेशंट सहा महिन्यांत परत आला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, गोळ्या कुठून घेत होता? दहातल्या सात-आठ वेळा उत्तर असतं, तालुक्याला मिळत होत्या मग ती मॅडम गेली. 'मॅडम गेली' हे आमच्याकडे निदानासारखंच झालंय. नव्या मॅडमला तो ओळखत नाही, सगळं पहिल्यापासून सांगायचा त्याला कंटाळा येतो किंवा लाज वाटते, जाणं बंद होतं, गोळ्या बंद होतात, झोप जाते, मग भांडणं, मग पोलिसांच्या गाडीतून आमच्या दारात.

म्हणून गोदाकाठचीताई, तुमची नोकरी टिकणं हीच पेशंटची मागणी आहे, वेगळी लिहायला कशाला पाहिजे. अध्यक्षांना हे सांगा.

मारहाणीचा मुद्दा पण घ्या. २०१० चा कायदा आहे महाराष्ट्रात, वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि ५० हजारांपर्यंत दंड. डॉक्टर, नर्स, पॅरामेडिकल सगळे त्यात आहेत. पण घरभेटीला गेलेल्या सोशल वर्करला मारलं तर? माझ्या मैत्रिणीवर विळा उगारला होता, पेशंटने नाही, पेशंटच्या काकाने, कारण 'आमच्या घरात वेडं आहे असं गावात सांगत फिरते'. पोलीस स्टेशनला तासभर ह्याच्यावर हुज्जत की तुम्ही नक्की कोण, नर्स का डॉक्टर. ती शेवटी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन आली.

---

अण्णाचा_भाऊ

मी कधी लिहीत नाही, मोबाईलवर टायपिंग जमत न्हाई नीट, चुका समजून घ्या.

माझा मोठा भाऊ, आम्ही अण्णा म्हणतो, त्याला स्किझोफ्रेनिया हाय १४ वर्षं झाले. आधी सगळे देव झाले, मग एक डॉक्टर, महिन्याला तीन हजारच्या गोळ्या, दोन एकरावर कुठून आणायच्या. मग आरएचला फुकट मिळायला लागल्या. तिथं एक ताई होत्या, त्या अण्णाला पहिलं विचारायच्या, म्हशीनं किती दिलं आज. अण्णाला म्हशीचं विचारलं की तो बोलतो, न्हाईतर भिंतीकडं बघत बसतो. गोळी घेतली का हे कधी डायरेक म्हणायच्या न्हाईत. त्यांना कळायचं म्हशीच्या उत्तरावरूनच, घेतल्या का बुडवल्या.

त्या ताईंची ऑर्डर संपली, का त्या सोडून गेल्या, म्हाईत न्हाई. नवीन आले ते चांगलेच होते पण त्यांनी कागद बघून विचारलं, आवाज येतात का कानात. अण्णा उठून बाहेर आला तो परत गेलाच न्हाई पाच महिने. मी गोळ्या आणून देत होतो, तो जिभेखाली धरून मागच्या दारी थुंकत होता ते मला पावसाळ्यात कळलं, गोठ्याच्या कडंला पांढऱ्या गोळ्या विरघळलेल्या दिसल्या.

संपात पण हाल झाले, खोटं कशाला सांगू. दोन वेळा जाऊन परत आलो, कुलूप. राग आला होता लई. पण सरळसोट साहेब, मला ढाल वगैरे कळत न्हाई. आमचं नाव कुणी कागदावर लिहीतच न्हाई हो. मंत्र्याच्या म्होरं अण्णाचं नाव कोण घेणार? आमदाराकडं रस्त्यासाठी लोक जातेत, डीपीसाठी जातेत, पिकविम्यासाठी जातेत. घरात असं माणूस हाय म्हणून कोण मोर्चा काढंल? तर ताई तुमच्या कागदात घाला आमाला. चालंल आमाला.

---

बांधावरचा

वरच्या प्रतिसादानंतर माझं सविस्तर राहू दे. भाऊ, लिहीत राहा.

---

आकडेमोड

मी सरकारी लेखापरीक्षणाशी संबंधित होतो, आता नाही, म्हणून जरा पैशाचं सांगतो कारण 'निधी द्या' ही मागणी फार ढोबळ आहे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकात बेल्लारीला जिल्हा पातळीचा प्रयोग झाला, त्यावरून १९९६ मधे चार जिल्ह्यांत जिल्हा कार्यक्रम सुरू झाला आणि आता तो साडेसातशेच्या वर जिल्ह्यांत मंजूर आहे. एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३.२ लाख असा आकडा केंद्राने संसदेत कितीतरी वेळा सांगितलाय. 'जास्तीत जास्त' ह्या शब्दाकडे लक्ष द्या. तो पैसा स्वतंत्र येत नाही, एनएचएमच्या पीआयपीत, म्हणजे वार्षिक आराखड्यात, जिल्हा मागतो, राज्य कापतं, केंद्र परत कापतं, मग केंद्र-राज्य ६०:४० वाट्याने मंजूर होतो. पीआयपीत मानसिक आरोग्याची ओळ बहुतेक ठिकाणी डेंग्यू-मलेरिया-माताबाल सगळं झाल्यावर संध्याकाळी सहा वाजता भरली जाते, मागच्या वर्षीचा आकडा बघून. आणि मागच्या वर्षी पद रिकामं म्हणून पगाराचा पैसा खर्चच झाला नाही, तर ह्या वर्षी 'खर्च कमी' म्हणून तरतूद कमी. पद रिकामं म्हणून पैसा कमी आणि पैसा कमी म्हणून पद रिकामं. हे चक्र बाहेरून कुणाला दिसत नाही.

केंद्राकडे बघा. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात मानसिक आरोग्याला म्हणून साधारण हजार कोटी होते, त्यातले ८५० कोटी एकट्या बेंगळुरूच्या निम्हान्सला. निम्हान्स मोठी संस्था आहे, वाद नाही. टेली मानसला, म्हणजे फोनवर समुपदेशनाचा तो १४४१६ नंबर, आदल्या वर्षी १३४ कोटींच्या आसपास होते ते ९० वर आणले. आणि निम्हान्सचंच २०१५-१६ चं सर्वेक्षण सांगतं की उपचाराची गरज असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचत नाहीत, आजाराच्या प्रकारानुसार. लाखामागे सायकियाट्रिस्ट ०.७५. निदान तीन हवेत.

आता कामाची गोष्ट. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याच्या ३१ व्या कलमात आहे की लोकसंख्येच्या प्रमाणात मनुष्यबळाचे आंतरराष्ट्रीय निकष गाठायचा प्रयत्न सरकारने कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत करायचा. दहा वर्षं कधी भरतात? मे २०२८. आणि १८ व्या कलमात आवश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्र आणि त्याच्या वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत कायम, फुकट मिळायला हवीत असं आहे. आरएच त्यात आलं. निवृत्त साहेब म्हणाले ना तारीख-आकडा-अधिकारी, घ्या, तारीख कायद्यातच लिहून ठेवलीये.

---

निवृत्त_हेडक्लार्क

@आकडेमोड, हे उत्तम. मे २०२८ हे मागणीपत्राच्या पहिल्या परिच्छेदात टाका, साहेब लोकांना मुदत संपत आलेली फाइल फार लवकर दिसते.

---

आशाताई_यवतमाळ

काहून बाप्पा, मानसिक आरोग्य म्हटलं की डॉक्टर सायकॉलॉजिस्ट सगळे आठवते, आशा कोनालेच आठवत नाई!

२०१५ पासून प्रेरणा प्रकल्प हाय ना शेतकऱ्यांसाठी, विदर्भ मराठवाड्यात. घरोघरी फॉर्म कोन भरते? आमी. आता फॉर्म भरायचा म्हनजे काय ते सांगतो. झोप येते का, भूक लागते का, जगावंसं वाटते का. हे इचारलं अन समोरची बाई पदर तोंडाले लावून रडाले लागली, घरधनी कीटकनाशकाचा डबा जवळ घेऊन झोपते म्हने. आता पुढचा रकाना काय भरू सांगा? डबा पयले उचलून मी घरी आनला, माह्या घरच्या माळ्यावर ठेवला, अन मंग फोन केला वरती. तो मानूस जिता हाय, मागल्या महिन्यात पोरीच्या लग्नाले बलावलं. पन मले आठ दिवस झोप नाई. माह्या झोपीचा रकाना कोनत्या फॉर्मात हाय?

२०२३ च्या ऑक्टोबरात आमी संप केला, दिवाळीच्या तोंडावर आश्वासन भेटलं, जीआर काई निंगेना, मंग जानेवारीत परत संप, आझाद मैदानावर थंडीत बसलो, तवा कुठी मार्च २०२४ मंधी पाच हजाराची वाढ झाली. तवा आमच्या मागनीत बी मानसिक आरोग्य नव्हतंच म्हना. मोबदला, ऑनलाइन काम, दिवाळी भेट, एवढंच. आता वाटते असाले पायजे होतं. फॉर्म भरल्यावर आमाले कोनी इचारावं, बाई तू कशी हायस, महिन्यातून येक डाव. पैसे नाई लागत त्याले.

---

गोदाकाठची

आशाताई, डब्याचं वाचून दोन मिनिटं थांबले. तुमच्यासारख्या आशांनी पाठवलेला पेशंटच आमच्याकडे टिकतो हे मी रजिस्टर काढून दाखवू शकते. आणि 'पैसे नाई लागत' असं म्हणू नका, लागतात. तुम्हाला विचारायला जो माणूस येणार तो कुणीतरी पगारावर ठेवावा लागेल, त्याचा प्रवासखर्च द्यावा लागेल. नाहीतर ते पण कुणा गटप्रवर्तक ताईच्याच गळ्यात पडेल.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितेय. ह्याच मुद्द्यावर थोडं. आमच्याकडे संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या समुपदेशकांचा मोठा अभ्यास केला होता, २०१० मधे लॅन्सेटमधे छापून आला, जगभर नाव झालं. नैराश्य, चिंता ह्या आजारांत साधी शिकवलेली माणसं खरंच उपयोगी पडतात असं सरकारी केंद्रांत दिसलं. तेव्हापासून सगळीकडे ह्याचा सोयीचा अर्थ काढतात, बघा, तज्ज्ञाची गरज नाही, आशांना दोन दिवसांचं ट्रेनिंग द्या. पण त्या अभ्यासातल्या समुपदेशक त्याच कामासाठी नेमलेल्या होत्या, पगार होता, ट्रेनिंग दोन दिवसांचं नव्हतं आणि डोक्यावर सायकियाट्रिस्टची देखरेख होती. तो अर्धा भाग वगळून उरलेला अर्धा सरकारं उचलतात. तुमच्या मागणीपत्रात देखरेख हा शब्द जरूर घाला, हजेरीची देखरेख नाही हं, केसवर कुणाशी तरी बोलायची हक्काची वेळ.

---

सरळसोट

ठीक, मी दोन पावलं मागे येतो. आवाज चढवून लिहिलं होतं. पण कायम करण्याबद्दल माझं मत तेच आहे, मागच्या दाराने भरती नको, सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय.

---

काळा_कोट

@सरळसोट, म्हटलंय, २००६ च्या उमादेवी निकालात. पण तो निकाल गेली वीस वर्षं अर्धाच वाचला जातो. मागच्या दाराने आलेल्यांना सरसकट कायम करू नका असं म्हणतानाच, मंजूर पदांवर कोर्टाच्या आदेशांच्या संरक्षणाशिवाय दहा वर्षं आणि वर काम केलेल्यांचा एकदाचा विचार करा असंही त्यात आहे. आणि डिसेंबर २०२४ मधे जग्गो विरुद्ध भारत सरकार ह्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने साफ सुनावलं की कायमस्वरूपी गरजेचं काम वर्षानुवर्षं 'तात्पुरतं' म्हणून करून घ्यायचं आणि उमादेवीचा आडोसा घ्यायचा हे चालणार नाही. त्या केसमधे सफाई कामगार आणि माळीकाम करणारे होते. समान काम समान वेतनावर २०१६ चा जगजीत सिंग निकाल आहेच. अर्थात प्रत्येक केसचे कागद वेगळे, इथं वाचून कुणी उद्या रिट टाकू नका.

गोदाकाठचीताई, तुमच्या नर्सताईंसाठी मात्र लगेच करण्यासारखं आहे. नोकरीच्या ओघात आणि नोकरीमुळे अपघात झाला का, हा भरपाईच्या कायद्यातला मूळ प्रश्न. कागदावर खंड असला तरी त्या दिवशीचं काम ऑफिसने स्वीकारलंय, आकडा वर पाठवलाय, ही गोष्ट फार मोलाची. रजिस्टरच्या त्या पानाची प्रत आणि त्या महिन्याच्या रिपोर्टची प्रत माहिती अधिकारात आजच मागा, पेशंटची नावं झाकून द्या असं अर्जातच लिहा म्हणजे गोपनीयतेचं कारण पुढे करता येणार नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लिनिकचं वेळापत्रक कुणी टाकलं होतं का? त्याचे स्क्रीनशॉट. मेडिकोलीगल नोंद झाली होती का बघा. मूळ रजिस्टरला पाय फुटायच्या आत.

आणि रात्रपाळी, घरभेटीचं: २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि मालकाने दिलेलं वाहन हेसुद्धा कामाचं ठिकाण धरलंय. ऑफिसात समिती नसेल किंवा तक्रार साहेबांविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. विळ्याला तो कायदा लागणार नाही, पण 'गावात एकटी गेलीस कशाला' म्हणणाऱ्या साहेबाला उत्तर म्हणून उपयोगी.

---

दूरदेशीचा_दादर

कॅलिफोर्नियातून. अवांतर वाटेल पण इथला एक संप आठवला. १५ ऑगस्ट २०२२ ला (तारीख लक्षात राहिली, का ते सांगायला नको) उत्तर कॅलिफोर्नियात कैसर ह्या विमा आणि रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थेचे दोन हजारांवर थेरपिस्ट, सोशल वर्कर वगैरे संपावर गेले, दहा आठवडे. गंमत म्हणजे त्यांच्या फलकांवर पगार कमी आणि पेशंटला किती आठवडे वाट बघावी लागते हे जास्त होतं. त्याच्या आदल्याच वर्षी त्या युनियनने पाठपुरावा करून राज्यात कायदा करून घेतला होता की थेरपीची पुढची भेट दहा कामकाजाच्या दिवसांत मिळाली पाहिजे, आणि मग तोच कायदा हातात धरून संपवाले म्हणाले, माणसं भरा, नाहीतर हा पाळणार कसा? शेवटच्या करारात पेशंट समोर नसतानाच्या कामाला, नोट्स, फोन, रेफरल, जास्त तास मिळाले. इथे विमा कंपन्यांचा सगळा मामला वेगळा आहे, तुलना ताणू नये. पण आकडेमोडनी सांगितलेलं १८ आणि ३१ कलम वाचून वाटलं, तुमच्याकडे कायदा आधीच आहे, तो बोट ठेवून दाखवणारं कुणी नाही.

---

रात्रपाळी

नोट्सचे तास!! आम्हाला कुणी दिले तर मी पेढे वाटीन.

---

निवृत्त_हेडक्लार्क

ताई, रविवारी बैठकीत बोलाल तेव्हा निधीचं भाषण करू नका. त्या खंडाच्या दिवसाचं पान वाचून दाखवा, नुसती तारीख आणि आकडा, आणि खाली बसा. अध्यक्षाला अडवायचं नाही, त्याला स्वतःला ते म्हणावंसं वाटलं पाहिजे. पंचवीस वर्षांत मी एवढंच शिकलो.

---

गोदाकाठची

बैठक झाली. उशिरा लिहितेय, दोन दिवस बोलायचं त्राणच नव्हतं.

निवृत्त काकांचं ऐकलं, भाषण नाही केलं. पानाची झेरॉक्स नेली होती, नावांवर पांढरी पट्टी चिकटवून. मी तारीख वाचली, मग 'एकूण ४३, पैकी नवीन ६, इंजेक्शन ४', आणि सहीचं नाव. आमच्या सहकाऱ्यांना कळायला दोन सेकंद लागले. मग लॅबवाला एक पोरगा म्हणाला, माझ्या खंडाच्या दिवशी मी ३१ सॅम्पल घेतले होते. मग एक सीएचओ (उपकेंद्राची समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणाली तिने डिलिव्हरी केली होती. मग जो तो आपापला खंडाचा दिवस सांगायला लागला, अर्धा तास तेच. मला वाटत होतं हे आमच्याच कार्यक्रमाचं दुखणं आहे. अध्यक्ष काहीच बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले होते.

मागणीपत्रात काय आलं ते सांगते. खंडाच्या दिवशी सेवा घेतली असेल तर तो दिवस सर्व कारणांसाठी सेवेत धरावा आणि मुळात खंडच बंद करावा, हे तिसऱ्या नंबरवर आलं, म्हणजे वरच आलं. घरभेटीला दोन जण आणि वाहन, एकटीला पाठवायचं नाही, हे आलं. केसवर चर्चेची महिन्यातून एक ठरलेली वेळ, आशांसकट, हे मांडवीकाठ आणि आशाताईंमुळे, तेही आलं, जरा कुरकुर झाली पण आलं. रिकाम्या पदांचा आणि औषधांचा मुद्दा नाही आला. त्यावर खूप वाद झाला. क्षयरोगवाले म्हणाले मग आमच्याही औषधांचं घाला, एड्सवाले म्हणाले आमचंही, आणि ते चूक नव्हते. तडजोड अशी की त्याचं वेगळं निवेदन काढायचं, १८ आणि ३१ कलम आणि मे २०२८ ची तारीख टाकून, जिल्हाधिकारी आणि सिव्हिल सर्जन दोघांना, आणि त्यावर युनियनच्या सह्यांबरोबर पेशंटच्या घरच्यांच्याही सह्या. मी हरले का जिंकले कळत नाहीये. घरी येऊन भाकरी टाकताना रडू आलं, उगीचच.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. नर्सताईंना फोनवर सगळं सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, त्या डोंगराकडच्या वाडीच्या मावशी लिथियमच्या रक्ततपासणीला आल्या का. नव्हत्या आल्या. उद्या जाते म्हटलं.

---

काळा_कोट

माहिती अधिकाराच्या उत्तराचे तीस दिवस मोजायला लागा. तारीख इथेच लिहून ठेवा, मी आठवण करतो.

---

अण्णाचा_भाऊ

ताई सह्या कधी घेणार हायत आरएचला? मी येतो. अण्णाला पण आणतो, आज आठ दिवस झाले बरा हाय, म्हशीचं सांगायलाय. तो सही इंग्रजीत करतो, बारावी शिकलाय, चालंल का?

---

गोदाकाठची

चालेल की. मंगळवारी या, दहाच्या आत, नंतर ओपीडीची रांग वाढते. आणि म्हशीचं नाव काय ते आधी सांगून ठेवा मला.